पादचारी नियमावली : बंधन कुणावर?

मोटार वाहन कायद्यातील दोन कलमांखाली सहा महिन्यांच्या आत नियम तयार करावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांना दिला. ही मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची होती. न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाच्या या आदेशात हेल्मेट, डोळे दिपवणारे एलईडी दिवे आणि बेकायदा भोंगे यांचाही समावेश आहे. परंतु त्याचा गाभा पायी चालणाऱ्या माणसाचा आहे. कोईमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसीकरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत तो निघाला. याच याचिकेत १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने, पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले होते. हक्क मान्य झाला. आता तो नियमांच्या भाषेत उतरायचा आहे. गोव्यापुरते हे काम पर्वरीच्या सचिवालयात होईल, आणि त्याच पर्वरीच्या मधोमध जाणारा महामार्ग पायी ओलांडणे किती कठीण आहे, हे तिथल्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मेली. त्यांपैकी ३५,२२१ पादचारी होती. दिवसाला ९६, म्हणजे साधारण दर पंधरा मिनिटांना एक. आदल्या वर्षी हा आकडा ३२,८२५ होता. गोव्यात २०२२ मध्ये रस्त्यांवर २७१ बळी गेले. दुचाकीस्वारांचे मृत्यू आपल्याकडे नेहमीच ठळकपणे पुढे येतात आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे पायी चालणारा हिशेबाच्या कडेला राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातील शंभरांपैकी सुमारे ४५ घरांत मोटारगाडी असल्याचे आढळले. देशात हे प्रमाण सर्वाधिक आहे. ज्या राज्यात निम्म्याजवळ घरांच्या दारात गाडी उभी असते, तिथे धोरण ठरवणारा, आराखडा काढणारा, बातमी लिहिणारा आणि ती वाचणारा असे बहुतेक सगळे रस्त्याकडे काचेच्या आतून पाहतात. उरलेल्या घरांतली माणसे बसमधून उतरून रस्ता ओलांडतात.

न्यायालयाच्या आदेशात पन्नास शहरांतील पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा यांची तपासणी करण्याचे निर्देश आहेत. ही शहरे मंत्रालयाच्या अहवालातील दशलक्षी लोकवस्तीची. त्या यादीत गोव्यातील एकही नाव नाही आणि असण्याचा प्रश्नही नाही. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्याच १४,५८,५४५ होती. तेव्हा तपासणीची सक्ती आपल्यावर नाही, नियम करण्याची मात्र आहे. जागा न पाहता नियम लिहिण्याचा मोह इथेच निर्माण होतो.

न्यायालयाने नेमकी कोणती दोन कलमे सांगितली, हे नीट पाहायला हवे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३८ (१अ) राज्य सरकारला रस्ता सुरक्षेसाठी पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहने यांचा सार्वजनिक ठिकाणी व राष्ट्रीय महामार्गांवर होणारा वावर आणि प्रवेश यांचे नियमन करण्याचा अधिकार देते. महामार्गाच्या बाबतीत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. दुसरे कलम २१०ड. त्याखाली राज्य सरकार रस्त्यांचा आराखडा, बांधणी आणि देखभाल यांचे मानदंड ठरवू शकते, मात्र राष्ट्रीय महामार्ग वगळून. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की गोव्यासाठी एक विचित्र चित्र तयार होते. राष्ट्रीय महामार्गावर राज्याच्या हाती पादचाऱ्याला आवरण्याचा अधिकार आहे, रस्त्याला वळण लावण्याचा नाही. आणि गोव्यात राष्ट्रीय महामार्ग म्हणजे गावाबाहेरचा रस्ता नव्हे. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत जाणारा महामार्ग ६६ ठिकठिकाणी वस्तीतूनच जातो. एका बाजूला वाडा, दुसऱ्या बाजूला देऊळ किंवा कपेल, शाळा अलीकडे आणि पंचायत पलीकडे, अशी आपली गावे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वसलेली आहेत. रस्ता चौपदरी झाला, गावे तिथेच राहिली.

म्हणून नियमावलीचा मसुदा करणाऱ्यांसमोर एक सोपी वाट आहे आणि ती चुकीची आहे. ‘महामार्गावर पादचाऱ्यांना ठरवून दिलेल्या जागेखेरीज प्रवेश नाही, उल्लंघन केल्यास दंड’ असे एक वाक्य लिहिले की कलमाची पूर्तता होते, मुदत पाळली जाते आणि सरकारच्या तिजोरीला एका पैशाचाही भार पडत नाही. ठरवून दिलेली जागा घरापासून किती दूर आहे, तिथवर चालत जायला पदपथ आहे का, हे प्रश्न त्या वाक्यात कुठेच येत नाहीत.

या वाटेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकी शहरांत मोटारींची संख्या वाढू लागली तेव्हा सुरुवातीला लोकांचा रोष चालकांवर होता, कारण रस्ता तोवर सर्वांचा होता. मुले त्यावर खेळत, फेरीवाले उभे राहत. मोटार उद्योग आणि मोटार क्लबांनी १९२० च्या दशकात हा रोष पद्धतशीरपणे फिरवला. ‘जेवॉकर’ म्हणजे रस्त्यावर कसे चालावे हे न कळणारा गावंढळ, हा शब्द त्यांनी रुळवला, आणि १९२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराने पादचाऱ्यांना ठरावीक जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घालणारा नियम केला, ज्याचे अनुकरण इतरत्र झाले. त्याच कॅलिफोर्नियाने २०२३ पासून, तत्काळ धोका नसेल तर कुठेही रस्ता ओलांडणाऱ्याला पोलिसांनी दंड करू नये, असा कायदा लागू केला. न्यूयॉर्क शहरानेही २०२४ मध्ये हा गुन्हा रद्द केला. जे इतरांनी शतकभर वापरून सोडून दिले, ते आपण नव्याने आणू नये एवढीच अपेक्षा.

‘लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य या विषयावर सर्वांत लवकर ऐकू येते. रस्ता ओलांडण्याच्या आपल्या रीतींकडे जरा लक्ष देऊन पाहिले तर तिथे शिस्तीचा अभाव नसून एक वेगळीच, बिनकागदी शिस्त दिसते. एकटा माणूस दुसरा कुणी येईपर्यंत थांबतो आणि मग दोघे-तिघे मिळून निघतात. वयस्क बाई तळहात उंचावून चालकाला थांबण्याची खूण करते. ती खूण आज्ञेपेक्षा विनंतीच्या जवळची असते. अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर उभे राहायचे आणि दुसऱ्या बाजूची फट शोधायची. मधेच पळायचे नाही, पावलांचा वेग एकसारखा ठेवायचा, म्हणजे दुचाकीवाल्याला आपल्या मागून वळसा घेता येतो. हे कुणी शाळेत शिकवलेले नाही. रस्ता काहीच देत नाही असे कळल्यावर माणसांनी आपापसांत बसवलेले हे नियम आहेत, आणि ते ताशी वीस-तीस किलोमीटरने चालणाऱ्या रहदारीत बऱ्यापैकी चालतात. पणजीच्या अठरा जून मार्गावर किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याच रीतीने हजारो माणसे इकडून तिकडे जातात.

वेग वाढला की ही रीत कोलमडते. गणित साधे आहे. चौपदरी रस्त्याची एक बाजू ७ मीटर रुंद. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला सहा सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजीचा वेग ०.८ मीटर धरला तर नऊ सेकंद. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी नऊ सेकंदांत १५० मीटर कापते. तेव्हा आजीने पाऊल उचलण्यापूर्वी १५० मीटरवरच्या गाडीचा वेग अचूक जोखला पाहिजे, तोही वळण नसेल आणि कडेला उभा ट्रक नजर अडवत नसेल तर. सहापदरी रस्ता असेल तर एका बाजूला साडेदहा मीटर, तेरा सेकंद आणि २१५ मीटरहून अधिक अंतर. संध्याकाळी, पावसात, समोरून एलईडीचा झोत येत असताना एवढ्या लांबच्या गाडीचा वेग तरण्या माणसालाही ओळखता येत नाही. त्याला बेशिस्त म्हणणे म्हणजे डोळ्यांच्या मर्यादेला दंड करणे.

आता चालकाच्या बाजूने पाहू. काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ५० च्या वेगात गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे येते. ताशी ३० ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच अंतरात, सुमारे १३ मीटरवर, पूर्ण थांबलेली असते. पहिल्या गाडीचा ब्रेक अजून लागायचा आहे आणि दुसरी उभी आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीच्या दर्शनी भागाची धडक बसलेला पादचारी मरण्याचा धोका ताशी ५० वरून ६५ वर जाताच साडेचार पटींनी वाढतो. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम घोषणापत्राने, जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ३० ची कमाल मर्यादा सुचवली. त्या परिषदेत भारतही होता. आपल्या केंद्र सरकारने २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका क्षेत्रातील रस्त्यांवर मोटारींसाठी ठरवलेली कमाल मर्यादा मात्र ७० ची. राज्याला ती कमी करता येते.

आपल्या रस्त्यांवरच्या खुणांविषयी थोडे. ब्रिटनमध्ये समोरच्या चालकाने दिवा लुकलुकवला तर रूढ संकेताने त्याचा अर्थ ‘तुम्ही आधी जा’ असा घेतला जातो. आपल्याकडे डिपर मारला की अर्थ होतो ‘मी थांबणार नाही, बाजूला हो’. कळंगुट-कांदोळीच्या अरुंद रस्त्यावर या दोन भाषा रोज एकमेकींना आदळतात. भर म्हणून रशियातून आलेला पर्यटक उजव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीच्या सवयीने आधी डावीकडे पाहतो आणि धोका उजवीकडून येतो. (जाता जाता : पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोवा शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे डाव्या बाजूलाच राहिला. नाहीतर पत्रादेवीच्या नाक्यावर १९६१ पर्यंत काय दृश्य दिसले असते, याची कल्पनाच केलेली बरी.) त्यात परराज्यातून येऊन काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेणारा चालक. त्याला रस्ता नवा, गाडी नवी आणि वाट दाखवणारा मोबाइल मांडीवर. अशा ठिकाणी परस्परांच्या खुणांवर विसंबलेली जुनी रीत टिकणे शक्य नाही. तिथे नियमच हवा, आणि तो आहे.

२०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट लिहिले आहे की सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांजवळ चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्याला, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला आधी जाऊ द्यावे. थांबलेल्या रहदारीत पट्ट्यांवर गाडी उभी करू नये. म्हणजे पट्ट्यांवर पाऊल ठेवणारा माणूस चालकाकडे मेहेरबानी मागत नसतो. हे विनियम लागू होऊन आठ वर्षे उलटली. पट्ट्यांपाशी न थांबल्याबद्दल चलन फाडल्याचे गोव्यात कितीजणांनी पाहिले असेल? हेल्मेट, काळ्या काचा आणि सीटबेल्ट यांसाठी वाहतूक पोलीस आडोशाला उभे असतात. झेब्रापाशी कुणी उभे नसते. पट्टेही पावसाळा संपेपर्यंत पुसट होतात. ब्रिटनने १९४९ मध्ये सुमारे हजार जागी रंगांचे प्रयोग करून १९५१ मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नियम केले. ते पट्टे दिसावेत यासाठी होते.

बातमीच्या टेबलावर येणारा मजकूरही या रीतीचाच एक भाग आहे. ‘रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून वृद्ध ठार’ या मथळ्यात ओलांडणे ही कृती माणसाची आणि धडक वाहनाची. चालक वाक्यात कुठेच नाही. खाली पोलिसांनी पंचनामा केला, मृतदेह बांबोळीच्या गोमेकॉत पाठवला आणि चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, एवढे येते. त्या जागी पट्टे होते का, बसथांबा किती दूर होता, पथदीप लागत होता का, वेगमर्यादेची पाटी होती का, हे चार प्रश्न पोलिसांच्या टिपणात नसतात म्हणून बातमीत नसतात, आणि बातमीत नसतात म्हणून पंचायतीच्या ग्रामसभेतही विचारले जात नाहीत. नियमावलीत एक अट घालता येईल : पादचाऱ्याच्या प्रत्येक मृत्यूनंतर पोलीस आणि रस्त्याचा मालक विभाग यांनी मिळून जागेचा लेखी अहवाल द्यावा आणि तो जाहीर करावा. कलम १९८अ नुसार रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत वा देखभालीत मानदंड न पाळणाऱ्या यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जागेचा अहवालच नसेल तर हे कलम पुस्तकातच राहते.

पादचारी पुलाची मागणी आता वारंवार होते. लोक अपघातानंतर रस्ता अडवतात, आमदार येतात, पुलाचे आश्वासन मिळते. ती मागणी समजण्यासारखी आहे, कारण दुसरे काही मिळेल यावर लोकांचा विश्वास उरलेला नाही. पण महामार्गावर वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. त्यावर पुलाची जाडी धरली की सहा मीटरांहून अधिक चढ. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीने चाळीस पायऱ्या वर, चाळीस खाली. हातात मासळीची पाटी किंवा काखेत मूल असलेली बाई हा पूल वापरणार नाही, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस वापरूच शकणार नाही, आणि मग ‘पूल असूनही लोक खालून जातात’ अशी तक्रार सुरू होईल. जिथे सहापदरी रस्त्यावरून गाड्या अखंड धावतात तिथे भुयारी मार्ग वा उद्वाहक असलेला पूल लागेलही. बाकी ठिकाणी रस्ताच त्या जागी हळू व्हायला हवा : पदपथाच्या उंचीला आणलेले झेब्रा पट्टे, दुभाजकात दोन माणसांना उभे राहता येईल एवढी सुरक्षित जागा, आणि त्यांच्यावर पडणारा दिवा. यातले काहीही परदेशी ज्ञान नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको, इथपर्यंत तपशील दिलेला आहे. आपल्याकडे चतुर्थीच्या माटोळी बाजारात रस्ताच बाजार होतो आणि शिगम्याच्या मिरवणुकीत तोच रंगमंच होतो. त्या दिवशी वाहने थांबू शकतात हे आपण दर वर्षी पाहतो.

बसथांब्यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस महामार्ग हौसेने ओलांडत नाही. कदंबची किंवा खासगी बस त्याला ज्या बाजूला उतरवते, त्याच्या पलीकडे त्याचे घर असते. कंडक्टर शिट्टी मारतो, बस हलते आणि तिच्या मागून किंवा पुढून माणूस बाहेर येतो, त्या क्षणी ओलांडणाऱ्याला गाडी दिसत नाही आणि चालकाला माणूस. वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर, किंवा शाळा सुटताना कुठल्याही गावात हे दृश्य आहे. थांबा आणि ओलांडण्याची जागा ही एकच गोष्ट म्हणून आखली पाहिजे : दोन्ही बाजूंचे थांबे पट्ट्यांच्या अलीकडे-पलीकडे असे, की बस सुटल्यावर तिच्या मागून ओलांडता यावे. यासाठी महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम खाते, वाहतूक खाते आणि कदंब महामंडळ यांनी एका टेबलावर बसावे लागेल. कलम १३८ (१अ) मधील ‘विचारविनिमय’ हा शब्द नेमका इथे उपयोगी पडतो. पादचाऱ्याच्या प्रवेशाचे नियमन करायचे असेल, तर त्याला प्रवेश कुठे, किती अंतरावर आणि कोणत्या सोयीने देणार, हे लिहून घेण्याचा हक्क राज्याला त्याच कलमाने मिळतो. दोन ओलांडण्याच्या जागांमध्ये वस्तीत जास्तीत जास्त किती अंतर असावे, याचा आकडा नियमात हवा. ती जागा तयार होईपर्यंत पादचाऱ्याला दंड नको, हेही त्यात हवे.

पुण्याच्या महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून तिथे पादचारी दिनही साजरा होतो. धोरण आणि दिन दोन्ही असूनही पुण्याच्या पदपथांवर दुचाकी चढतातच, असे तिथून येणारे सांगतात. तरीही आराखड्याला नाव ठेवण्यासाठी नागरिकांच्या हाती एक कागद आहे. गोव्यात तो कागद अजून व्हायचा आहे.

त्याची पहिली परीक्षा पर्वरीतच होईल. तिथे पाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सहापदरी उन्नत मार्ग उभा राहत आहे. थेट जाणारी वाहतूक वर गेली की खाली उरणारा रस्ता पर्वरीकरांचा असेल : बाजाराचा, शाळांचा, बसथांब्यांचा. तो पुन्हा रुंद, सरळ आणि वेगवान केला, तर वर एक महामार्ग आणि खाली दुसरा, अशी अवस्था होईल. खांबांमधल्या जागेत रस्ता कुठे ओलांडायचा, वेग किती ठेवायचा आणि थांबे कुठे असतील, याचा आराखडा डांबर पडण्यापूर्वी पंचायतींसमोर मांडला गेला पाहिजे. एकदा दुभाजक ओतला की तो फोडून वाट काढायला पुढची दहा वर्षे लागतात.